हाली, कलदार आणि घरची कीर्द

आमच्या घरी सागवानी पेटीत जुन्या जमाखर्चाच्या सात वह्या जपून ठेविलेल्या आहेत. त्यांपैकी तीन आमच्या आजोबांच्या हातच्या, मोडी लिपीत लिहिलेल्या. उरलेल्या चार तीर्थरूपांच्या, बाळबोध अक्षरातल्या. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्यास आम्ही त्या बाहेर काढतो, उन्हात घालतो, हळदकुंकू वाहतो आणि पुन्हा पेटीत ठेवितो. गेल्या पाडव्यास आमच्या नातवाने विचारले, "आजोबा, यात प्रत्येक आकड्याच्या आधी 'हा' नाही तर 'क' असे का लिहिले आहे?" त्या एका प्रश्नाचे उत्तर देता देता संध्याकाळ झाली. स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा समाजाच्या इतिहासावर काही लिहावे असा आग्रह धरला, तेव्हा तेच उत्तर थोडे विस्ताराने लिहून काढावे असे मनात आले.

आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची सनद घेतली आणि सेवानिवृत्तीपर्यंत लातूर जिल्ह्यातील खेड्यांतून मुलांना पाढे व पावकी-निमकी शिकविली, एवढेच आमचे भांडवल. परंतु समाजाचा इतिहास म्हटला की धर्मशाळा कोणी बांधली, अधिवेशनाचे अध्यक्ष कोण होते, वसतिगृहास देणगी कोणी दिली, एवढेच बहुधा लिहिले जाते. ज्या शेकडो शिंपी घरांनी त्या कार्यास रुपया-दोन रुपये वर्गणी दिली, त्यांनी तो रुपया कशातून काढला, कसा राखला आणि राखताना कोठे ठेच खाल्ली, हेही इतिहासातच मोडते असे आम्हांस वाटते.

आजच्या तरुण वाचकांस 'हाली' हा शब्दच अपरिचित असेल. नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. (लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ साली झाला.) या संस्थानाचे नाणे स्वतंत्र होते. त्यास हाली सिक्का, म्हणजे चालू नाणे, असे म्हणत. रुपयावर चारमिनाराची आकृती असे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली तेव्हा, म्हणजे १९१८ साली, संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. हिंदुस्थानातील इतर कोणत्याही संस्थानास अशी मुभा नव्हती. उलट सरहद्दीपलीकडे, बार्शी-सोलापुरास आणि पैनगंगेच्या पैलतीरी वऱ्हाडात, इंग्रज सरकारचा रुपया चाले. तो यंत्रावर पाडलेला म्हणून त्यास 'कलदार' हे नाव पडले होते.

या दोन रुपयांचा सरकारी भाव असा होता की सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदारास एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. एका कलदारास एक रुपया दोन आणे आठ पै. आणि एका हालीस? येथे भागाकार सरळ सुटत नाही. तेरा आणे आठ पै आणि वर थोडेसे असे उत्तर येते. हे 'वर थोडेसे' कोणाच्या पदरात पडावयाचे, यावर पेठेतल्या सराफाचा संसार चाले. हाली देऊन कलदार घेणारा आणि कलदार देऊन हाली घेणारा, दोघेही बट्टा देऊनच बाहेर पडत. भरीस भर म्हणजे इंग्रजी मुलखातला पैसा तीन पैचा, तर आमच्याकडे चालणारे तांब्याचे नाणे दोन पैचे. बाजारात चार पैसे म्हटले तर ते कोणत्या गावचे, हे विचारूनच पुढे जावे लागे.

नाण्याप्रमाणेच कालगणनेचीही तऱ्हा होती. सरकारी कचेरीत फसली सन चाले. तो ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे असत. घरात चैत्र-वैशाख. रेल्वेच्या पावतीवर इंग्रजी तारीख. फसली सनात ५९० मिळविले की तो सन सुरू होतानाचे इंग्रजी साल येते, हे गणित आम्ही वर्गात मुलांना कौतुकाने सांगत असू. परंतु ज्यांच्या डोक्यावर व्याज चढत होते, त्यांस ते कौतुकाचे नव्हते.

आता 'हा' आणि 'क' यांची हकीकत.

आमचे आजोबा हदगाव तालुक्यातील एका खेड्यात शिलाईचे काम करीत. सन १३४६ फसलीत, म्हणजे १९३६-३७ च्या सुमारास, त्यांनी आमच्या थोरल्या आत्याच्या लग्नासाठी एका सावकाराकडून दीडशे रुपये कर्ज काढिले. व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. आजोबांस मोडी अक्षर चांगले येत होते, पण खत सावकाराच्या कारकुनाने लिहिले व आजोबांनी सही केली. खतात 'रुपये दीडशे' एवढेच होते. हाती आलेले रुपये चारमिनारी होते, त्यामुळे परतही चारमिनारीच करावयाचे, यात आजोबांस शंका घेण्यासारखे काही दिसले नाही.

दोन वर्षांनी आजोबा हिशेब चुकता करावयास गेले. मुद्दल दीडशे, व्याज बहात्तर, एकूण दोनशे बावीस. पोटास चिमटा घेऊन त्यांनी तेवढे हाली रुपये जमविले होते. सावकाराने ते मोजून घेतले आणि सांगितले, "हे झाले हाली. खत कलदाराचे आहे." दोनशे बावीस कलदार म्हणजे दोनशे एकोणसाठ हाली. सदतीस रुपयांची तफावत पडली. वाचकांनी क्षणभर हे सदतीस रुपये आमच्या धंद्याच्या मापाने मोजून पाहावेत. त्या वेळी आजोबा साधा सदरा चार आण्यांत शिवून देत, असे वहीवरून दिसते. सदतीस रुपये म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस सदरे. हाताने टीप घालणाऱ्या एकट्या माणसाचे ते कित्येक महिन्यांचे काम, आणि तेही फुकट.

आजोबांनी गावातील चार वडीलधाऱ्यांस मध्यस्थीस घातले. त्यांनी विचारले, रुपये हालीच होते याला आधार काय? आधार नव्हता. आजोबांनी त्या काळी वही ठेविलेली नव्हती. हिशेब तोंडी असे. सदतीस रुपये द्यावे लागले आणि ते देण्यासाठी आजीच्या हातातील चांदीच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. सावकाराची लबाडी उघड होती, पण ती चालली ती खतात एक शब्द कमी होता म्हणून. आत्या सांगत असे की त्या रात्री आजी एवढेच बोलली, "अवं, रुपये लिवले, पर कोन्ते ते लिवलं न्हाई. आता तरी लिवत जावा." दुसऱ्याच आठवड्यात आजोबांनी नांदेडच्या बाजारातून कोरी वही आणली. पहिल्या पानावर श्रीगजानन, श्रीविठ्ठल आणि त्याखाली पहिली नोंद आहे ती त्या वहीच्याच किमतीची: 'हा.' असे लिहून पुढे आणे. तेव्हापासून त्यांच्या तिन्ही वह्यांत एकही आकडा या अक्षरावाचून लिहिलेला नाही. पुढे १३४९ फसलीत संस्थानात सावकारीवर बंधने घालणारा कायदा झाला. आमच्या घरास तो दहा वर्षे उशिरा आल्यासारखाच होता.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य वाटते. दरमहा शेकडा दोन हा दर त्या काळी फार चढा समजला जात नसे. 'रुपयास महिना एक पैसा' ही भाषा तर अगदी सौम्य वाटे. कलदारी हिशेबाने रुपयाचे पैसे चौसष्ट. महिन्यास एक म्हणजे वर्षास बारा. चौसष्टास बारा म्हणजे शेकडा पावणेएकोणीस. 'रुपयास महिना एक आणा' म्हटले की शेकडा पंचाहत्तर. धान्याची उचल असेल तर सवाई किंवा दिढी, म्हणजे पेरणीस एक पायली नेली तर सुगीस सव्वा किंवा दीड पायली परत. सुगी सहा महिन्यांत आली तरी दर तोच. शेकड्याचा हिशेब शाळेत शिकलेला मनुष्यही बाजारात पैशा-आण्याची भाषा ऐकून फसत असे. आम्ही सातवीच्या वर्गास व्याजाची उदाहरणे घालीत असू तेव्हा पुस्तकातली थोडी आणि या जातीची अधिक घालीत असू.

आमच्या मातोश्रींचे माहेर लातूरचे. तेथील शिंपी घरांचा अनुभव नांदेडकडील घरांहून निराळा होता आणि त्याचे कारण मुख्यत्वे रेल्वे हे असावे, असे आमचे मत आहे. नांदेडावरून मनमाड-हैदराबाद गाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली. तिने नांदेडचे तोंड हैदराबादेकडे, म्हणजे हाली मुलखाकडे, वळविले. लातुरास मात्र १९११ साली आली ती बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. ती कुर्डुवाडीस मोठ्या लोहमार्गाला मिळे. त्यामुळे लातूरचा कापूस व भुईमूग जसा कलदार मुलखात जाई, तसे सोलापूरचे कापड कलदाराच्या भावाने लातुरात येई. मातोश्रींचे वडील कापड कलदारात घेत आणि शिलाई हालीत घेत. त्यांना दोन नाण्यांत वागणे लहानपणापासून अंगवळणी पडले होते.

त्यांनीच आमच्या नातेवाइकांत पहिले शिवणयंत्र घेतले, ते सिंगरचे. ही अमेरिकन कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानात यंत्रे विकीत होती आणि नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाने तिचा येथील व्यवहार अनेक वर्षे सांभाळिला. सगळी किंमत रोख मोजण्याची ऐपत असलेला शिंपी विरळा. म्हणून यंत्र आधी न्यावे, कामास लावावे आणि किंमत महिन्याच्या हप्त्यांनी फेडावी, अशी सोय कंपनीने केली होती. आपल्या समाजात कर्ज हा शब्द लग्न, आजारपण आणि तेरावे यांच्याशी जोडलेला होता. ज्या कर्जाने मिळकत वाढते असे कर्ज आपल्या पुष्कळ घरांनी प्रथम पाहिले ते या यंत्राच्या रूपाने. या बाबतीत त्या लोखंडी यंत्राने जे शिकविले ते पुढे अनेक सहकारी पतपेढ्यांनाही शिकविता आले नाही. (पतपेढ्यांचा कायदा संस्थानात १९१४ सालीच झाला होता, पण त्यांची सावली आपल्या धंद्यावर क्वचितच पडली.)

हप्ता मात्र कलदारात. दरमहा सहा रुपये कलदार, म्हणजे सात हाली. आमच्या या आजोबांनी त्याची जी तजवीज केली ती मातोश्री आम्हांस हसत हसत सांगत. दुकानात बत्तासे ठेवण्याचा एक पत्र्याचा डबा होता. संध्याकाळी दिवा लावला की चार आणे त्या डब्यात पडलेच पाहिजेत, मग घरात भाजीस पैसे असोत वा नसोत. महिन्याचे अठ्ठावीस दिवस रोज चार आणे. सात हाली झाले. उरलेले दोन-तीन दिवस बट्ट्याचे. अमावास्येस काम बंद असले तरी डब्यास सुट्टी नसे. पुढे आमच्या वाचनात आले की दक्षिणेकडे उडुपी येथे एका बँकेने १९२८ साली 'पिग्मी' नावाची योजना काढिली. बँकेचा मनुष्य रोज घरी येऊन दोन आण्यांपासून रक्कम गोळा करीत असे. आज गावोगाव पिग्मीचे एजंट दिसतात त्यांचे मूळ ते. लातूरच्या त्या डब्यास एजंट नव्हता आणि व्याजही नव्हते, पण पद्धत तीच होती.

अर्थात डब्यातील पैसे खरोखर राखले ते आजीने. वह्यांतून पुरुषांचे अक्षर दिसते, पण तिजोरी बायकांची. आमची हदगावकडची आजी कातरणीत उरलेल्या चिंध्यांच्या गोधड्या शिवी व त्यांचे पैसे निराळे ठेवी. आजोबांच्या वहीत ते जमेस कोठेच नाहीत. बहुधा त्यांस ठाऊक होते आणि ठाऊक नाही असे दाखविण्यात शहाणपण आहे हेही ठाऊक होते.

हे पैसे १९४८ साली उपयोगी पडले. रझाकारांच्या धुमाकुळामुळे नांदेड भागातील कित्येक कुटुंबे पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे गेली, तशीच लातूर-उस्मानाबादकडील बार्शीकडे गेली. आमचे घर उमरखेडला गेले. तीर्थरूप तेव्हा अठरा वर्षांचे. यंत्र अद्याप घेतलेले नव्हते, हे एका अर्थी बरेच झाले. सोडून जावे लागले नाही. बरोबर काय नेले? कात्री, गज, दोन वह्या आणि एक गोधडी. त्या गोधडीच्या चार थरांत आजीने बेचाळीस चारमिनारी रुपये असे टाचले होते की अंगावर घेतली तरी खळखळ होऊ नये. शिंप्याच्या घरची तिजोरी ती!

परंतु नदी ओलांडताच रुपयाची किंमत बदलली. सरकारी भावाने बेचाळीस हालीचे छत्तीस कलदार यावयास हवे होते. उमरखेडला त्या गर्दीत हाली रुपया कोणी बारा आण्यांवर घेईना. आजीने गरजेप्रमाणे एक एक टाका उसवीत सगळे रुपये मोडले व एकंदर साडेएकतीस कलदार हाती आले. साडेचार रुपये नदीत पडले, असे ती म्हणे. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेस निजामाची फौज शरण आली आणि मंडळी गावी परतली. त्या काळातील वहीची पाने कोरी नाहीत, हे आम्हांस विशेष वाटते. निर्वासित म्हणून दुसऱ्याच्या ओसरीवर राहतानाही आजोबांनी 'क. आणे दोन, मीठ व रॉकेल' असे लिहून ठेविले आहे.

१९५० नंतर हैदराबाद राज्यात भारताचा रुपया हालीबरोबर चालू लागला, पुढील वर्षी नवा हाली निघणे थांबले आणि ते दशक संपेपर्यंत हाली व्यवहारातून नाहीसा झाला. बदलून घेण्यास पुरेसा अवकाश होता. तरीही खेड्यापाड्यांतून किती तरी हाली नोटा उतरंडीत, भिंतीच्या कोनाड्यात, पोथीच्या बासनात राहून गेल्या. चांदीचा रुपया राहिला तर सोनार निदान वजनावर घेई. नोट राहिली तर तिचा कागद झाला. आजीची शहाणीव यात दिसते की तिने नोट कधी साठविली नाही. तिला चलनशास्त्र कोणी शिकविले नव्हते; 'कागद उंदीर खातो' एवढेच ती म्हणे. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आमच्या शेजारच्या एका वृद्धेने नवऱ्यालाही न सांगता ठेविलेल्या अकरा नोटा तांदळाच्या डब्यातून आणून आमच्यापुढे ठेविल्या व त्या भरण्याची चिठ्ठी लिहून देण्यास सांगितले. तिचे पैसे बुडाले नाहीत. गेले ते इतकेच की ते आता घरातल्या सर्वांस ठाऊक झाले. ही हानी पुरुषांस वाटते तितकी लहान नव्हे.

तीर्थरूप १९५० नंतर नांदेडास आले. तेथे उस्मानशाही गिरणीच्या पगारामुळे गिऱ्हाइकांच्या हाती महिन्याच्या महिन्यास रोख पैसा असे. खेड्यात वर्षातून दोनदा, सुगीस आणि लग्नसराईत, मिळकत व्हावयाची आणि बारा महिने खावयाचे. येथे पगाराच्या दिवशी उधारी वसूल होई. या फरकामुळे तीर्थरूपांच्या वहीचे रूपच पालटले. आजोबांच्या वहीत सणावारी हिशेब, तीर्थरूपांच्या वहीत महिनेवारी. याच काळात १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, ही पत्रके दुकानादुकानातून टांगलेली असत. आणा सव्वासहा पैशांचा, म्हणून सुटा आणा देताना पाव पैसा गिऱ्हाइकाचा बुडे. तीर्थरूपांनी काज-बटणाची शिलाई आण्यावरून थेट सात पैसे केली नाही, सहाच ठेविली, याचा त्यांस शेवटपर्यंत अभिमान होता. मागोमाग वार जाऊन मीटर आला, तेव्हा मात्र त्यांनी हात टेकले. कापड मीटरने घेत आणि माप इंचाने लिहीत. आजही आपल्या दुकानांतून तसेच चालते.

१९७२ च्या दुष्काळाची वही आम्ही वारंवार उघडून पाहतो. आम्ही तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होतो. विहिरी आटल्या होत्या, लोक खडी फोडण्याच्या कामावर जात, मुलांना सुकडी मिळे आणि रेशनला परदेशी तांबडा मिलो येई. त्याची भाकरी थापताना मातोश्रींच्या डोळ्यांत पाणी आलेले आम्ही पाहिले आहे. त्या वर्षीच्या वहीत 'नवा सदरा', 'नवा परकर' हे शब्द आषाढानंतर दिसतच नाहीत. त्याऐवजी पानेच्या पाने 'ठिगळ', 'कॉलर उलटली', 'बाह्या कमी केल्या', 'थोरल्याचा धाकट्यास केला'. कोणत्या घरी किती ओढ आहे हे गावास कळण्याआधी शिंप्यास कळते. तीर्थरूपांनी त्या वर्षी ठिगळाचे पैसे रोख मागितले नाहीत. वहीत नावे टाकीत गेले. घरात मात्र त्यांनी वर्षाच्या आरंभीच खर्चाचे तीन भाग पाडले होते. धान्य व औषध यांस हात लावावयाचा नाही, आम्हां भावंडांची फी व वह्या यांस शक्यतो लावावयाचा नाही, आणि बाकी सर्व, स्वतःच्या तंबाखूसुद्धा, बंद. थोरल्या बहिणीचे ठरलेले लग्न एक वर्ष पुढे ढकलले. नातेवाइकांनी बोल लाविले. पण व्याही लातूरचे, यंत्राच्या हप्त्यांच्या परंपरेतले. त्यांनी उलट निरोप पाठविला की कर्ज काढून लग्न केलेत तर मुलगी आमच्या घरी कर्जासहित येईल, त्यापेक्षा पाऊस येऊ द्या. त्या वर्षी आमच्या घरावर एक रुपयाही व्याजी चढला नाही.

बँका आपल्या घरांत आल्या त्या त्यानंतर. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७६ साली नांदेड येथे मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली आणि सामान्य माणसास बँकेचा उंबरठा चढण्याची भीती हळूहळू गेली. मातोश्रींचे पहिले पासबुक त्याच सुमाराचे. त्यावर त्यांचा अंगठा नाही, सही आहे. ती सही आम्ही त्यांस पाटीवर पंधरा दिवस गिरवून शिकविली होती. पासबुक त्या वहीच्याच पेटीत ठेवीत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही औसा तालुक्यात नोकरीस होतो. त्या दिवसांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही येथे पैशापुरतेच लिहितो. मदतीची रक्कम खात्यात जमा व्हावयाची होती आणि कित्येक घरांत जिवंत राहिलेल्या माणसाच्या नावे खातेच नव्हते. आम्ही शिक्षक मंडळी झाडाखाली बसून खाते उघडण्याचे अर्ज भरीत असू. घर, जमीन, देणे, येणे सर्व नवऱ्याच्या डोक्यात होते आणि तो गेला. कोणाकडे किती येणे होते हे पत्नीस ठाऊक नाही. मात्र देणे किती, हे सांगावयास लोक आपण होऊन येत. एक शिंपी भगिनी मात्र ढिगाऱ्यातून काढलेली, मातीने भरलेली वही घेऊन आली. तिने आमच्यापुढे ती उघडली आणि म्हणाली, "गुरुजी, वाचून सांगा, आमच्या मालकांनी काय काय लिवलंय." बावीस घरांकडे शिलाई येणे होती. त्यांतील नऊ घरांत कोणी उरले नव्हते. बाकीच्यांपैकी कोणाकडे तिने मागितले आणि कोणाकडे नाही, हे आम्ही विचारले नाही. पण देणे मागावयास आलेल्या एका गृहस्थास त्याच वहीतील 'चुकते' ही नोंद दाखविताच तो उठून गेला, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

आता आमच्या मुलाच्या घरी वही नाही, फोन आहे. दूधवाल्यापासून मुलांच्या शिकवणीपर्यंत सर्व पैसे फोनवरून जातात व त्याची नोंद आपोआप राहते, असे तो म्हणतो. ते खरे आहे. लातुरास शिकावयास ठेविलेल्या नातीची फी, खोली, खाणावळ यांचा महिन्याचा आकडा त्याने आम्हांस क्षणात काढून दाखविला. पण त्या नोंदीत कोणास किती दिले हेच दिसते. काय देण्याचे टाळले, कोणाचे यावयाचे आहे, आणि कोणते कर्ज यंत्राचे व कोणते मांडवाचे, हे त्यात कोठे पाहावयाचे, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, तसा रकाना नाही. यावर त्याचे आमचे अद्याप एकमत झालेले नाही. सून मात्र परवा कोरी वही घेऊन आली.

नातवास उत्तर देताना आम्ही त्यास आजोबांच्या तिसऱ्या वहीतील एक नोंद दाखविली. १३५७ फसलीची, म्हणजे उमरखेडला जाण्यापूर्वीची. गावातील एका गिऱ्हाइकाने दोन अंगरखे शिवून नेले, येणे 'हा. रु. २'. तो मनुष्य त्या वर्षाच्या धामधुमीत गाव सोडून गेला तो परतला नाही. आजोबांनी ती नोंद खोडली नाही. तीर्थरूपांनी आपली पहिली वही सुरू करताना ती पुढे ओढली आणि हालीचा कलदार करून लिहिली: 'क. रु. १, आणे ११, पै ५'. नवे पैसे आले तेव्हा पुढच्या वहीत पुन्हा ओढली: 'रु. १.७१'. त्यांच्या शेवटच्या वहीच्या पहिल्या पानावरही ती आहे, त्याच नावापुढे, बाकी म्हणून.